जांभुळबोडीचा ऑक्सिजन तीन

"बीपी पाहून राहिली वाटते तलावाचं."

तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, सकाळचं फिरायला आलेल्या दोन बायकांपैकी एक दुसरीला हे म्हणाली. मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर त्यांच्याकडे पाठ करून उकिडवी बसले होते. मांडीवर मीटर, मीटरची काळी वायर पाण्यात. लांबून खरंच बीपी मोजल्यासारखं दिसत असणार. फक्त पट्टा गुंडाळायला तलावाला दंड नव्हता.

"बीपी कायचं वं, ऑक्सिजन आहे तो," दुसरी म्हणाली. "अमितच्या बाबाच्या वेळेस नाही काय, असाच आकडा येत होता." मग तिनं थेट मलाच विचारलं, "किती आहे बेटा?"

माझ्या कामातला मला सगळ्यात नावडता क्षण तो हाच. मी मागे न पाहता एक शब्द बोलले.

"तीन."

मागे "अव माय!" आणि चपलांचा फटफट आवाज. दोघी जवळजवळ पळतच गेल्या.

माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन आणि पाण्यातला ऑक्सिजन वेगवेगळ्या मापांनी मोजतात. रक्ताचा आकडा शंभरापैकी असतो, नव्वदच्या खाली गेला की घाबरायचं. पाण्याचा आकडा म्हणजे एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला आहे ते. सात-आठ असला तर तलाव मजेत आहे. पाच म्हणजे चालेल. तीनला मासे कुरकुरायला लागतात, आणि त्याच्याही बऱ्याच खाली गेला तर कुरकुरायला उरत नाहीत. नव्वद तर पृथ्वीवरच्या कुठल्याच तळ्यात नसतो. एवढं सगळं मला त्या दोघींना सांगता आलं असतं. वाक्यं तयार होती, पण ती इंग्रजीत होती, आणि तिथून मराठीत येऊन तोंडाबाहेर पडेपर्यंत समोरचं माणूस सहसा निघून गेलेलं असतं.

दुपारपर्यंत नंदनवनच्या पुढच्या सगळ्या वस्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मजकूर फिरला : 'जांभुळबोडीचा ऑक्सिजन फक्त तीन. प्रार्थना करा.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. एकानं विचारलं होतं, 'कोणत्या हॉस्पिटलमध्ये आहेत?'

बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. कधीकाळी कुणीतरी धानासाठी पाळ घालून पाणी अडवलेलं असतं. धान गेलं, प्लॉट पडले, घरं आली, बोडी राहिली. नागपूरच्या आसपास अशी जी थोडीफार तळी उरली आहेत, त्यांची तब्येत पाहणं हे माझं काम. पाणी किती गढूळ आहे ते पाहायला दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचं. बारीक जाळीतून पाणी गाळून त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. तळाचा चिखल काढून त्यात कोण राहतं ते बघायचं. आणि पहाटे ऑक्सिजन मोजायचा. पहाटे अशासाठी, की पाण्यातली हिरवी वनस्पती आणि शेवाळ दिवसा उजेडात ऑक्सिजन तयार करतात, पण रात्री सगळेच नुसता वापरतात. उजाडता उजाडता तो सगळ्यात कमी झालेला असतो. तलावाचं खरं रूप पहाटेच कळतं.

हे काम मी का निवडलं, ते मुलाखतीत सांगितलं नव्हतं. तळी बोलत नाहीत, हे ते कारण. मी खापरखेड्याच्या कॉलनीत वाढले. शाळा इंग्रजी. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करत, आणि घरी इंग्रजी बोललं की आत्या हसत. गप्प राहिलं की दोन्हीकडे भागत असे. तळ्याकाठीही भागेल असं वाटलं. तळ्याकाठी जितकी माणसं बोलतात तितकी गांधीबागेत कापडाच्या सेललाही बोलत नसतील, हे मला कोणी सांगितलं नाही.

कुणाला मी डासांच्या खात्यातली वाटते, कुणाला मेट्रोची. एक गृहस्थ मी दिसले की दर वेळी आठवण करून देतात की विसर्जनाच्या वेळी त्यांची अंगठी पाण्यात पडली होती, तेव्हा चिखल काढताना लक्ष असू द्या. दुसऱ्या एका तळ्यावर पांढऱ्या गाडीतून एक साहेब आले आणि त्यांनी माझ्याकडे अगदी अदबीनं लेखी मागितलं, की त्यांच्या प्लॉटमध्ये जे आहे तो तलाव नसून साचलेलं पाणी आहे. पाण्यात बदकं पोहत होती. मी बदकांकडे बोट दाखवलं.

"ते पाहुणे आहेत," साहेब म्हणाले.

तर जांभुळबोडी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोहोचले तेव्हा घाटावर गर्दी होती. काल ऑक्सिजन ओळखणाऱ्या त्या बाई सगळ्यांत पुढे. त्यांचं नाव कुंदाताई. सगळी वस्ती त्यांना ताई म्हणते, मी काकू म्हणते. त्या हातातल्या डब्यातून कणकेच्या गोळ्या काढून पाण्यात टाकत होत्या. बाकीच्यांकडे ब्रेड, मुरमुरे, आदल्या दिवशीचा भात. पाण्यावर शेकडो मासे तोंडं वर काढून उघडत-मिटत होते.

"पाहा, कसे तोंड वासून राहिले बिचारे," काकू म्हणाल्या. "उपाशी आहेत. म्हणूनच ऑक्सिजन उतरला. अंगात ताकदच नाही तर कुठून टिकते?"

मासे उपाशी नव्हते. गुदमरत होते. खाली पाण्यात ऑक्सिजन उरला नाही की मासा वर येतो आणि जिथे पाणी हवेला टेकतं तो पातळ थर ओढायला बघतो. लांबून ते घास मागितल्यासारखं दिसतं. मग लोक घास टाकतात. तो मासे थोडा खातात, उरलेला तळाशी जाऊन सडतो. सडवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन लागतो. तो आणखी कमी होतो, आणखी मासे वर येतात, लोकांना आणखी दया येते. पितृपक्ष चालू होता, त्यामुळे पितरांच्या नावानं वाढलेली पानंच्या पानं येत होती. आभाळ ढगाळ, वारा पडलेला. पाण्याला वाईट दिवस यायचे तर याच हवेत येतात.

मी हे देवरावजींना सांगितलं. एकट्या माणसाशी मला बोलता येतं. देवरावजी ढीवरांच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. बोडीत मासोळी वाढवायचा ठेका सोसायटीकडे आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांनी बोटाएवढी पिल्लं सोडली होती, ती आता हातभर रोहू आणि कटला झाली होती. दसरा झाला की जाळं पडायचं होतं. त्या जाळ्यावर सोसायटीतल्या सगळ्या घरांचं वर्ष चालतं.

देवरावजी डोंग्यात, म्हणजे त्यांच्या छोट्या होडीत, बसून तंबाखू मळत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "लोक फुकटात माझी मासोळी पोसून राहिले. मी काहून नाही म्हणू? उद्या बिर्याणी टाकली तरी मी नमस्कारच करीन."

"पण मासे वर येतायत."

"येतीलच. मोठे झाले. खाली जागा पुरत नसन."

त्यानंतर आले भाऊ. मागच्या निवडणुकीत थोडक्यात पडलेले आणि पुढची जवळ आलेली, अशा स्थितीतले प्रमोदभाऊ. कुठल्याशा दवाखान्यातला ऑक्सिजनचा मोठा काळा सिलिंडर त्यांनी छोटा हत्ती टेम्पोतून आणला होता. सिलिंडरला झेंडूचा हार होता. नळीच्या टोकाला मास्क तसाच होता. तो काढायचा की तलावाला लावायचा यावर कार्यकर्त्यांत थोडी चर्चा झाली. शेवटी मास्कसकट नळी पाण्यात गेली. नारळ फुटला, नारळाचं पाणी, कुंकू, हार, सगळं पाण्यात. बुडबुडे आले. टाळ्या झाल्या.

"मॅडम, आता पाहा लेव्हल!"

मी वायर सोडली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तीन," मी म्हणाले.

"टाइम लागते," भाऊ गर्दीला म्हणाले. "पेशंट सीरियस आहे."

एका नळीनं बोडीला ऑक्सिजन देणं म्हणजे मे महिन्यात एका हातपंख्यानं सगळं नागपूर गार करणं. पण त्या दिवसापासून बोडी 'पेशंट' झाली. लोक पाळीवर आले की हळू बोलायचे. मोटारसायकलवाल्यांना हॉर्न वाजवू देत नव्हते. एका आजोबांनी येऊन मला विचारलं, पेशंटले शुगर वगैरे काही आहे काय, म्हणजे गोड टाकायचं की नाही ते कळंन. चौकात फ्लेक्स लागला. बोडीचा फोटो गोल चौकटीत, खाली 'लवकर बऱ्या व्हा', बाजूला हात जोडलेले भाऊ. फ्लेक्सखाली उभं राहून येणारा-जाणारा टोपी काढून विचारायचा, "कोण गेलं गा?"

आणि खाणं वाढलं. उकडलेली अंडी आली. नाचणीचं सत्त्व आलं. एका जिमवाल्या मुलानं डब्यातली प्रोटीन पावडर आणून कालवून ओतली. माझा मीटर तीनवरून अडीचवर आला.

आमचे सर पुण्याहून फोनवर काम बघतात. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सिंपल आहे. समितीसमोर जा आणि सांग, बीओडी कमी करा. बस."

बीओडी म्हणजे पाण्यात पडलेली घाण सडवायला किती ऑक्सिजन खर्च होईल त्याचं माप. आमच्या धंद्यातली ही तीन अक्षरं आम्ही दिवसातून इतक्या वेळा बोलतो की ती शब्दच वाटायला लागतात. मी वाक्य पाठ केलं. रिक्षात म्हटलं, समाजभवनाच्या पायऱ्यांवर म्हटलं. आत तलाव बचाव समितीची बैठक चालली होती. भाऊंनी माझ्याकडे हात केला, "मॅडम सांगतीन आता." माझा आवाज मुळातच बारीक, वर पंख्याची घरघर, आणि घाईत 'बी' आणि 'ओ' यांच्यामधली फट मी गिळली.

"बीओडी कमी केल्याशिवाय उपाय नाही," मी म्हणाले.

खोलीत पोहोचलं ते असं : बोडी कमी केल्याशिवाय उपाय नाही.

कुणीतरी खुर्ची मागे सारली. "काय म्हणते? बोडी कमी करा?"

"बोडी नाही," मी म्हणाले. "बी... ओडी."

"तेच म्हणून राहिलो ना आम्ही! बोडी कमी कराची!"

"हो, म्हणजे, ती खूप वाढली आहे."

"वाढली तर चांगलंच आहे ना! वाढू दे! तुमच्या पोटात काहून दुखते?"

भाऊ उभे राहिले. माईक नसताना माईकवर बोलल्यासारखे बोलले, "या बोडीची एक इंच जागा कमी होऊ देणार नाही! माझ्या अंगावरून बुलडोझर न्या लागंन!" समाजभवन टाळ्यांनी दणाणलं. भाऊंचा तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला क्षण असावा.

कुंदाकाकू माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. "कोणत्या बिल्डरची आहेस वं तू?"

अशा वेळी गप्प बसलं की कबुली दिल्यासारखं होतं, हे कळत होतं. पण तोंड उघडलं की 'बीओडी'च बाहेर येणार होतं.

पुढचे काही दिवस माझ्यावर पहारा होता. मी तबकडी पाण्यात सोडली की पाळीवरून आवाज यायचा, "पाहा रे, मोजून राहिली! जागा मोजून राहिली!" चिखल काढला तर मातीची तपासणी, पाया किती खोल जाईल त्याची. अंगठीवाले गृहस्थ तेवढे माझ्या बाजूनं होते. चिखल निघत राहावा अशी त्यांची इच्छा होती.

अशाच एका सकाळी कुंदाकाकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात पोह्यांचा डबा, एका छोट्या स्टीलच्या भांड्यात तर्री, म्हणजे पोह्यांवर ओतायचा तिखट रस्सा. "खा," त्या म्हणाल्या. "बिल्डरची असली म्हणून पोट्टीनं काय उपाशी फिराचं?"

मी पायरीवर बसून पोहे खाल्ले. तर्रीनं डोळ्यांतून पाणी आलं. त्या शेजारी बसल्या आणि तलावाकडे बघत, मला सांगतायत की स्वतःशी बोलतायत ते कळू न देता बोलत राहिल्या.

"अमितच्या बाबाले कोरोनात वार्डात जाऊन पाहू देत नव्हते. मी रोज डबा घेऊन गेटवर जाओ. मुगाची खिचडी, वरून तूप. गेटवाला म्हणे, ठेवा. संध्याकाळी डबा वापस. तसाच, भरलेला. नर्सबाई फोनवर सांगे, आज पंच्याऐंशी, आज ब्याऐंशी. मी म्हणो, अव बाई, दोन घास चारू तर द्या, आकडा चढते का नाही पाहा." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "याले तरी चारता येते."

मी तेव्हा बोलायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. मी तर्रीचं रिकामं भांडं पुसून त्यांच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी मी मराठी शब्द शोधायला बसले. तलावाला नको इतकं पोषण मिळून त्याचं पाणी बिघडतं, त्या प्रकाराला आमच्याकडे इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. त्याला मराठीत काय म्हणतात ते पाहिलं, तर परिभाषेत शब्द होता 'सुपोषण'. हा शब्द मी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या भिंतीवर रोज वाचते. शेजारी गुबगुबीत हसरं बाळ काढलेलं आहे. बोडीचं सुपोषण झालं आहे असं मी समितीत सांगितलं असतं, तर पेढे वाटले असते. आणि उरलेले पाण्यात टाकले असते.

मग एका पहाटे सात कटला मेलेले निघाले. पांढरी पोटं वर, पाळीच्या कोपऱ्यात पाला-पाचोळ्यात अडकलेले. लोक यायच्या आत देवरावजींनी ते डोंग्यात घालून पोत्यानं झाकले. त्या दिवशी तंबाखू नव्हती.

"मॅडम, खरं सांगा. सगळी मरंन काय?"

"असंच चालू राहिलं, आणि ऊन नाही पडलं, तर एका रात्रीत."

ते वल्ह्याच्या टोकानं पाणी ढवळत राहिले. "घराघरातून माणसं उधार-उसनवार करून बसले हो या मासोळीवर. माझ्या पुतणीचं लग्न धरलं आहे." मग म्हणाले, "मी सांगाले गेलो तर म्हणतीन, मासेवाला आहे, आपल्या मासोळीचं पाहून राहिला. कालपर्यंत टाका टाका मीच म्हणत होतो. तुम्ही शिकलेल्या आहा. तुम्ही बोला."

"माझं त्यांना उलटं ऐकू येतं."

"मंग सुलटं बोला ना," देवरावजी म्हणाले. त्यात चीडही नव्हती. अगदी साधी सूचना केल्यासारखे ते बोलले. जणू ते मला इतके दिवस सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी कळलं की येत्या रविवारी बोडीच्या आरोग्यासाठी सामूहिक जेवण ठरलं आहे. त्याला महाप्रसाद म्हणायचं की भोजनदान यावर समितीत बराच वाद झाला. वस्तीत हिंदू आणि बौद्ध, दोन्हीकडची घरं आहेत आणि दोन्हीकडच्यांना बोडी आपली वाटते. शेवटी फ्लेक्सवर 'स्नेहभोजन' आलं आणि सगळ्यांचं समाधान झालं. जेवण सकाळी ठेवलं, कारण पेशंटला रात्रीचं जड पडतं. माणसांसाठी पुरी, आलू-वांग्याची भाजी, कढी, बुंदी. पेशंटसाठी वेगळी मुगाची खिचडी, बिनतिखटाची, मीठ बेतानं. तिचा मान कुंदाकाकूंचा. सगळ्यात मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढणार होता, ज्यात लग्नाच्या पंगतीचा भात होतो. तो अख्खा बोडीत ओतायचा होता. मागाहून ज्यांना वाटेल त्यांनी आपापल्या घरून आणलेलं टाकायचं.

फ्लेक्सवर सगळ्यात खाली 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली' असं छापलं होतं. तज्ज्ञ म्हणजे मी. हे कसं झालं ते भाऊंनीच मला बाजूला घेऊन समजावलं. "हे पाहा मॅडम, तुम्ही बिल्डरच्या आहा का नाही, मी विचारत नाही. पण बोडी कमी करा म्हणणाऱ्याच्याच हातानं बोडीले पहिला घास भरवला, तर पब्लिकमध्ये मेसेज काय जाते?" आणि त्यांनी माझ्यासाठी श्रीफळ आणि शाल आणल्याचंही सांगितलं.

शनिवारी मी सरांना फोन केला. ते म्हणाले, एक छोटं प्रेझेंटेशन करून टाक. मी विचारलं, पडदा कुठे लावू, पाळीवर? ते म्हणाले, नाहीतर नको. एकंदरीत ते म्हणाले, की आपण डेटा देतो, निर्णय लोकांचा असतो. एरवी हे वाक्य मला आवडतं. माझ्यासारख्या माणसासाठीच ते तयार झालं आहे. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला सात कटला दिसत राहिले, आणि पोतं.

रविवारी पहाटे मीटरवर दीड आला.

मी देवरावजींना आकडा सांगितला नाही. त्यांनी विचारलाही नाही. ते पाण्याकडेच बघत होते. सगळी बोडी तोंडांनी भरली होती, पाण्यावर बारीक पाऊस पडावा तशी. वर आभाळ राखेच्या रंगाचं. पानही हलत नव्हतं.

मग मांडव, सतरंज्या, 'हॅलो हॅलो माईक टेस्टिंग'. शाल माझ्या खांद्यावर आली. घामानं ती मानेला चिकटली. चार माणसांनी गंज बांबूवर उचलून घाटाच्या खालच्या पायरीवर आणून ठेवला. कुंदाकाकू त्याच्यासोबत पायरी पायरी उतरल्या, पदरानं काठ धरून, लहान मुलाला अंघोळीला न्यावं तशा. खिचडीवर तुपाची धार अजून विरघळायची होती. वास इतका चांगला होता की मांडवातली माणसं माना उंचावून बघत होती.

"आता," माईकवर भाऊ म्हणाले, "मॅडमच्या शुभहस्ते आपल्या पेशंटले पहिला घास!"

काकूंनी डाव भरून माझ्या हातात दिला. जड होता. मनगट वाकलं.

"पाहा पाहा, कसे वाट पाहून राहिले!" भाऊंनी माईक माझ्या आणि काकूंच्या मध्ये धरला. पायरीपासून हातभर अंतरावर एक मोठा रोहू होता. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि दर उघडण्यामधलं अंतर वाढत होतं. गर्दीच्या मागच्या बाजूला देवरावजी पुरी-भाजीची पत्रावळ घेऊन उभे होते. तिच्यातलं काही कमी झालेलं नव्हतं.

"टाक बेटा," काकू हळूच म्हणाल्या. "थंडी होऊन जाईन."

सगळ्यात आधी तोंडात इंग्रजी आलं. ते मी गिळलं. मग ती तीन अक्षरं आली. तीही गिळली. त्यानंतर जीभ अगदी मोकळी राहिली, तिथे धंद्यातलं काहीच नव्हतं. समोर फक्त ही बाई, तिचा गंज, आणि एक जीव ज्याला काय होतंय ते मला दिसत होतं. मी डाव पुन्हा गंजात ठेवला. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. नजर तिथून न हटवता मी बोलले, आणि माईकमुळे ते पाळीच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेलं :

"काकू, भूक नाही लागली त्याला. अजीर्ण झालं आहे. इतकं प्रेमानं चारलं आपण, की आता श्वास घ्यायला जागा नाही त्याच्या पोटात. खिचडी माणसांना वाढा. त्याला उपाशी राहू द्या."